बिंबल खाऊन दाखवा

ताईचा फोन आला तेव्हा शिक्केमास्तर एका संस्थेच्या चिटणिसाचं नाव रबरावर उलटं कोरत होते. शिक्का उलटाच कोरावा लागतो, तेव्हा कुठं तो कागदावर सुलटा उमटतो. तीस वर्षं हेच काम केल्यामुळे मास्तरांना माणसंही तशीच दिसायला लागली होती. ज्याचं बोलणं फार सुलटं, त्याला ते मनातल्या मनात उलटं करून वाचायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

"बाळ्या," ताई म्हणाली, आणि मग मिनिटभर नुसती खोकली.

मास्तरांचं वय त्रेपन्न. सगळ्या बाजारात त्यांना 'मास्तर'शिवाय हाक नाही. पण ताईच्या फोनमध्ये ते अजून बाळ्याच होते, आणि फोन कानाला लावला की आपोआप स्टुलावर ताठ बसायचे.

"तीन आठवडे झाले रे. तीन बाटल्या औषध झालं. जन्मभर दुसऱ्यांना पाजलं, आता मला पाजतायत." ताई नर्स होती, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. "आई करायची तो बिंबलाचा पाक पाठव. एक बाटली."

"ये की घ्यायला."

"आता आई नाही. कुणाकडे येऊ? पाठव तू."

आईला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि ह्या चार वर्षांत ताईनं घरात पाऊल टाकलं नव्हतं. राग नव्हता, रुसवा नव्हता. नुसतं येणं राहून जात होतं. हे राहून जाणं मास्तरांना मूळव्याधीसारखं झालं होतं: बोलता येत नाही आणि बसताही येत नाही.

तर काम एवढंच. एक बाटली पाक. ह्या एका बाटलीपायी पुढं सरकारी खातं, पोलिसांची भीती आणि एका त्रेपन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडाची सालपटं एवढं सगळं येणार आहे, हे मास्तरांना तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यांनी बाटली विकत आणून वर चिठ्ठी चिकटवली असती. तेवढी लबाडी अंगात होती.

बिंबलाचं झाड मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोटभर लांबीची हिरवी फळं, जणू काकडीची कुपोषित पोरं, आणि ती फांदीच्या टोकाला शहाण्यासारखी न लागता थेट खोडाला घोसानं फुटतात. झाडाला शंभर हातांची बोटं आल्यासारखी दिसतात. साल पातळ, आत सगळा रस, आणि रस असा की चिंच त्याच्यापुढे मिठाई. दात लावला की कानामागून एक कळ निघते ती टाचेपर्यंत जाऊन परत येते.

आईनं हे झाड लावलं ते शाईसाठी. मास्तरांचे बाबाही शिक्केवाले. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला जांभळा डाग आणि दहाही बोटं निळी. साबणानं हटेना, सोड्यानं हटेना. मग कुणीतरी तिला बिंबलाचं रोप दिलं. फळ चिरून डागावर चोळलं की शाई फिकी पडायची, दुसऱ्यांदा चोळलं की जायची. एवढ्यासाठी लावलेलं झाड मग घरभर पसरलं. पितळेची भांडी त्यानंच घासायची, विळ्याचा गंज त्यानंच काढायचा. डाळीत बिंबल, माशात बिंबल, मीठ लावून वाळवलेलं बिंबल, लोणचं, घामोळ्यावर पाल्याचा लेप, आणि खोकल्याला गुळात आटवलेला पाक. दहाव्या वर्षी मास्तरांनी प्रगतिपुस्तकातल्या गणिताच्या लाल शेऱ्यावरही तोच रस चोळला होता. शेरा गेला, पण त्याच्याबरोबर कागदही गेला, आणि बाबांनी त्या भोकातून मास्तरांकडे बराच वेळ बघितलं होतं.

पण घरात बिंबलाचा खरा उपयोग वेगळाच होता. ते घरचं न्यायालय होतं. कुणाला काही हवं असलं, कशावरून वाद झाला, की आई झाडाचं एक बिंबल तोडायची आणि म्हणायची, "तोंड वाकडं न करता खाऊन दाखव, मग तुझं खरं." मग स्वतः एक खायची, चावून चावून, जशी काही केळंच खातेय, आणि चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. समोरच्याचं तोंड मात्र पहिल्याच घासाला पिळलेल्या फडक्यासारखं व्हायचं. मास्तर असे किती सिनेमे हरले याची मोजदाद नाही. बाबा दुकान मोठ्या रस्त्यावर न्यायचं म्हणत होते, तेही बिंबलातच हरले. दुकान राहिलं घराच्या पुढच्या खोलीतच.

आईखेरीज बिंबलात जिंकलं असं घरात एकच माणूस. ताई. एकोणीस वर्षांची असताना, नर्सिंगला लांबच्या शहरात जायचं म्हणून. बाबा नको म्हणत होते. त्यांनीच अट घातली, बिंबल खाऊन दाखव. आणि ताईनं खाल्लं. पापणी न हलवता. बाबांनी शब्द पाळला आणि ताई गेली. ती कशी जिंकली हे कोडं मास्तरांना एक्केचाळीस वर्षं सुटलं नव्हतं. जगातल्या सगळ्या लबाड्या ज्याला येतात त्या माणसाला एक लबाडी कळू नये, हे फार लागतं.

असो. झाडाकडे वळू.

मास्तरांनी फांदी हलवली. तिथूनच सगळं बिघडलं. खोडाची बिंबलं हातानं तोडता आली असती, पण वरची जास्त रसाळ असतात अशी त्यांची समजूत. फांदी कुंपणापलीकडे गेलेली, आणि पलीकडे बँकवाल्यांची गाडी. बँकवाले म्हणजे शेजारचे निवृत्त मॅनेजर. गाडी काळी आणि गाडीला कव्हर नाही, कारण कव्हर घातलं तर लोकांना गाडी कशी दिसणार. चाळीसेक बिंबलं टपावर, बॉनेटवर पडली, उन्हात फुटली, आणि मास्तर पाटी भरून आत गेले.

संध्याकाळी बँकवाले कुंपणाशी उभे. "मास्तर, माझ्या गाडीला डाग पडलेत."

मास्तर बघायला गेले. डाग होते खरे, पण चमकणारे. जिथं जिथं बिंबल फुटलं होतं, तिथं तिथं गाडी नवी कोरी दिसत होती, आणि त्यामुळे बाकीची गाडी किती मळकी आहे हे पहिल्यांदाच उघड झालं होतं.

"हे डाग नाहीत," मास्तर म्हणाले. "हा तुमचा मूळ रंग."

"मला मूळ रंग नकोय. मला सगळा सारखा पाहिजे. ती फांदी काढा."

"उद्या काढतो."

"अशी काढू नका. परवानगी लागते. मी कायद्यानं चालणारा माणूस आहे." बँकवाल्यांच्या आवाजात कर्ज नाकारतानाची जुनी गोडी होती. "रीतसर अर्ज करा. नाहीतर मी रीतसर तक्रार करतो."

आता ज्या माणसानं सगळ्या कचेऱ्यांचे शिक्के बनवलेत त्याला अर्ज काय अवघड. मास्तरांनी गल्ल्याजवळचा एक कोरा कागद ओढला, 'एक फांदी छाटण्यास परवानगी मिळावी' असं लिहिलं, सही ठोकली आणि बागखात्यात देऊन आले. तिथला माणूस म्हणाला, दोन महिने लागतील. मास्तर खूश. दोन महिन्यांत बँकवाले गाडी विकतील.

चौथ्या दिवशी सकाळी दोन माणसं आली. एकाच्या हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्याच्या हातात कुंचला. त्यांनी बिंबलाच्या खोडावर मोठी लाल फुली मारली, शेजारी आकडा घातला आणि जायला निघाली.

"अहो, हे काय?"

"झाड तोडायचंय. पुढच्या सोमवारी करवत येईल."

"मी एक फांदी म्हटलं होतं."

"आम्ही रंगवाले," माणूस म्हणाला. "फांदी-बिंदी आम्हाला कळत नाही. फुली मारायची असली तर बोला."

मास्तर तसेच लुंगीवर शर्ट चढवून बागखात्यात पोचले. तिथले हेडक्लार्क त्यांचे जुने गिऱ्हाईक, टेबलावरचे सगळे शिक्के मास्तरांच्या हातचे. त्यांनी फाईल काढली, अर्ज काढला आणि तो पालथा केला.

पाठीमागे तीन शिक्के होते. 'तातडीचे'. 'मंजूर'. आणि लाल शाईत, चौकोनात, 'तोडावे'.

नवा शिक्का तयार झाला की तो हाताशी लागेल त्या कागदावर एकदा दाबून बघायचा, ही बाबांची सवय. कागद वाया घालवायचा नाही. दोन महिन्यांपूर्वी बागखात्याचेच तीन शिक्के झाले होते, ते ह्याच कागदावर उमटवून बघितले होते आणि कागद गल्ल्याजवळ ठेवून दिला होता. मास्तरांनी अर्जाची कोरी बाजू बघितली, पालथी बघितलीच नाही. ज्या खात्यात अर्ज दोन महिने हलत नाही, तिथं तो स्वतःबरोबर तातडी आणि मंजुरी दोन्ही घेऊन गेला होता. त्याला कोण अडवणार?

"मास्तर," हेडक्लार्क आवाज खाली आणून म्हणाले, "हे कुठं उमटलंय ते मला कळतंय. 'तोडावे'चा तो कोपरा जरा तुटका आलाय, मी तेव्हाच तुम्हाला बोललो होतो. पण साहेबांनी खाली सही केलीय. आता हे शिक्के आमचे नाहीत असं म्हणायचं, तर मग प्रश्न येणार की दुकानदार खात्याचे शिक्के घरी वापरतो का. मग परवाना, चौकशी, पोलीस. मी म्हणू का?"

"नको," मास्तर म्हणाले.

"म्हणजे शिक्के आमचे. म्हणजे झाड तुटणार."

घरी येऊन मास्तर दुकानात बसले. समोरच्या खणात नमुन्याचे शिक्के होते. त्यात 'रद्द' होता. एक कागद, एक दाब, काम फत्ते. मास्तरांनी खण उघडला आणि बंद केला. जन्मात त्यांनी शाळेच्या घंटेपासून शेजाऱ्याच्या कोंबड्यापर्यंत सगळ्यांची टिंगल केली होती, पण दुसऱ्याचा शिक्का कधी स्वतःसाठी वापरला नव्हता. बाबा म्हणायचे, आपल्या हातात सगळ्यांच्या सह्या आहेत, म्हणून आपला हात स्वच्छ पाहिजे. आणि तो स्वच्छ ठेवायला तर आईनं झाड लावलं होतं. ते वाचवायला हात मळवायचा, हे काही जमेना.

इतक्यात ताईचा फोन. "बाटली निघाली का?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. शिक्क्यांसकट.

ह्या खेपेला ताई खोकलीसुद्धा नाही. मग म्हणाली, "कुठल्या सोमवारी?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क स्वतःच दुकानात आले, शिक्क्याचं पॅड भरून घ्यायच्या निमित्तानं. "नियम नऊ सापडला. खाद्य फळ देणारं झाड तोडता येत नाही. फळांची यादी आहे. आंबा, फणस, पेरू..."

"बिंबल?"

"नाही. पण शेवटी आहे, 'इतर, खात्री करून'."

"खात्री कशी करायची?"

"साहेबांसमोर माणसानं फळ खायचं, आणि ते खाण्याजोगं आहे असं साहेबांना दिसलं पाहिजे."

"दिसलं म्हणजे?"

हेडक्लार्कांनी विचार केला. "म्हणजे खाणारा मरू नये. आणि त्याचं तोंड खाल्ल्यासारखं दिसावं, मेल्यासारखं नको. रविवारी साहेबांना आणतो. करवतीच्या आधी."

आता बघा नशिबाचा खेळ. ज्या परीक्षेत मास्तर लहानपणापासून नापास होत आले, तीच परीक्षा, तेच फळ, आणि ह्या खेपेला पणाला लागलेलं झाडच.

मास्तरांनी तयारी सुरू केली. रोज सकाळी आरशासमोर एक बिंबल. मास्तरीणबाई शेजारी वही घेऊन. "उजवा डोळा मिटला," त्या म्हणायच्या. "आज मान गेली. काल निदान मान जागेवर होती."

गल्लीला बातमी लागली आणि सल्ल्यांचा पूर आला. समोरच्या काकू म्हणाल्या, "आधी तिखट खा, म्हणजे जीभ बधिर होते." मास्तरांनी खाल्लं. जीभ बधिर झाली नाही, उलट दोन्ही कळा वेगवेगळ्या मोजता यायला लागल्या. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, "चेहरा वाकडा होतो तो स्नायूंमुळे," आणि त्यानं अर्धा तास गाल चोळून दिले. त्यानंतर मास्तरांना हसताही येईना. घरचे डॉक्टर म्हणाले, "फळ चांगलं आहे, पाक खोकल्याला उत्तम. पण कच्चा रस पेल्यानं पिऊ नका, मूत्रपिंडं धरतात. रोज किती खाता?" मास्तरांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "झाडाआधी तुमच्यावर फुली मारायची वेळ येईल."

शुक्रवारपर्यंत मास्तरांच्या जिभेची साल गेली होती. दात इतके आंबले होते की केळं खातानाही ते डोळे मिटत. शनिवारी मास्तरीणबाईंनी वही बंद केली आणि पाकासाठी काढलेला गुळाचा डबा समोर ठेवला. "अहो, एवढं तोंड गोड करा. उद्याचं उद्या."

मास्तर म्हणाले, "आईनं कधी गूळ नाही खाल्ला वर."

"वर नाही," बाई म्हणाल्या. "पण डबा कायम हाताशी असायचा त्यांच्या."

मास्तरांनी ऐकलं आणि सोडून दिलं. पुरुषमाणसाला डबा दिसतो, डब्याचं कारण दिसत नाही.

रविवारी दहाला झाडसाहेब आले. बागखात्याचे मुख्य, अंगानं भरीव, पाठीमागे फाईल घेतलेले हेडक्लार्क. कुंपणाशी बँकवाले खुर्ची टाकून बसले होते, हातात चहा, जसा काही सामना बघायला आलेत. काकू, न्हावी, डॉक्टर सगळे हजर.

"हेच का फळ?" साहेब म्हणाले. "खा बघू."

मास्तरांनी खोडावरचं एक बिंबल तोडलं. आठवडाभराची तयारी आठवली. खांदे सैल सोडले आणि दात लावला.

पुढं जे झालं ते मास्तरांना आतून कळलं नाही, पण बाहेरून सगळ्यांनी पाहिलं. आधी भुवया वर गेल्या. मग ओठ आत गेले. मग दोन्ही गाल एकमेकांना भेटायला निघाले. डावा कान स्वतंत्रपणे हलला. शेवटी सगळं तोंड नाकाभोवती गोळा झालं आणि तिथंच थांबलं.

"हा माणूस आजारी आहे का?" साहेबांनी हेडक्लार्कांना विचारलं.

"नाही साहेब. आनंद झालाय त्यांना."

"लिहा," साहेब म्हणाले. "खाणाऱ्यास त्रास होतो."

बँकवाले समाधानानं चहाचा घोट घेत होते. हेडक्लार्कांनी पेन उघडलं, पण लिहायला वेळ लावला. वहीचं पान चाचपलं, चष्मा पुसला. आणि तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली.

ताई उतरली. एक बॅग, एक पर्स, गळ्याला मफलर. चार वर्षांनी ती फाटकातून आत आली आणि आधी खोकली, मग झाडाकडे बघितलं, मग लाल फुलीकडे. मास्तरांकडे शेवटी बघितलं. "तोंड सरळ कर आधी," म्हणाली.

"या कोण?" साहेब.

"याची मोठी बहीण. ह्याच झाडाचं खाऊन वाढले. ह्याला काय सांगता खायला, त्याला जन्मात जमलं नाही. मी खाते." बॅग आणि पर्स दुकानाच्या कट्ट्यावर टाकली. "थांबा, हात धुऊन येते. नर्स आहे मी. हात न धुता तोंडात काही घालत नाही."

ती स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज आला. परत आली ती न बोलता. थेट झाडाशी गेली, खोडावरून तीन बिंबलं तोडली, पहिलं तोंडात घातलं आणि चावायला लागली.

मास्तर बघत राहिले. कपाळ सरळ. डोळे उघडे. जबडा सावकाश, एका लयीत. तिच्या चेहऱ्यावर आईचा चेहरा येऊन बसला होता, तोच, सिनेमाला नाही म्हणणारा. तिनं दुसरं खाल्लं. तिसरं खाल्लं. हात पदराला पुसले आणि साहेबांकडे बघून नुसती मान हलवली.

साहेब चक्रावले. "एवढं गोड आहे?" म्हणाले आणि स्वतःच एक तोडून तोंडात टाकलं.

खात्याचा मान म्हणून मी त्या चेहऱ्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की बँकवाल्यांच्या हातातला चहा सांडला. अकरा वर्षांच्या शेजारात त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, ते खुर्चीसकट हसत होते. काकू म्हणाल्या, "पहिल्यांदाच यांचे दात दिसले."

साहेबांनी डोळे पुसले, पाणी प्यायलं, आणि बराच वेळ झाडाकडे आदरानं बघितलं. "खाद्य आहे," म्हणाले. "खाणारा तयारीचा पाहिजे. लिहा, राखावे. शिक्का मारा."

हेडक्लार्क घुटमळले. "साहेब, आपल्याकडे 'तोडावे'चा शिक्का आहे. 'राखावे'चा कधी केलाच नाही. गरज पडली नव्हती."

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं.

मास्तर आत गेले. पुढच्या खोलीत, बाबांच्या स्टुलावर बसून त्यांनी रबर घेतलं. तोंडाची आग होत होती, डोळ्यांत अजून पाणी होतं, पण हात स्थिर होता. इतकी अक्षरं त्यांनी आयुष्यात कोरली, पण ही तीन कोरताना त्यांना पहिल्यांदा वाटलं की रबरावर आपण काहीतरी लिहितोय. अर्ध्या तासात झालं. सवयीनं हाताशी लागलेल्या कागदावर एकदा दाबून बघितलं. स्वच्छ उमटलं, चारही कोपरे धड. मग बाहेर जाऊन त्यांनी तो साहेबांच्या हाती दिला.

फाईल बंद झाली. बँकवाले जाताना कुंपणावरून म्हणाले, "ती फांदी राहू द्या. पण मला पाटीभर बिंबलं द्या. उरलेली गाडीही तशीच करायचीय."

दुपारी घर शांत झाल्यावर ताई मागच्या पायरीवर बसली. पाक चुलीवर आटत होता. मास्तर शेजारी येऊन बसले. "आता सांग."

"काय?"

"कसं केलंस. आत्ता आणि तेव्हाही. एक्केचाळीस वर्षं झाली."

ताईनं पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून दाखवला. "गालात धरायचा. आतल्या बाजूला, दाढेजवळ. आंबट आलं की जिभेनं ढकलायचा. जास्त बोलायचं नाही."

मास्तरांनी त्या खड्याकडे बघितलं. मग झाडाकडे. सगळे हरलेले सिनेमे त्यांच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक गेले. "म्हणजे आई..."

"सगळी वर्षं."

"बाबांनासुद्धा?"

"दुकान मोठ्या रस्त्यावर गेलं असतं तर बाबा दिवसभर घरी दिसले नसते. तिला ते नको होतं." ताई खोकली, मग थांबली. "बाबांनी मला अट घातली ना, तेव्हा मी रडत होते. मला माहीत होतं, जमणार नाही. आई बिंबल धुऊन घेऊन आली, बाबांसमोर माझं नाक पुसलं, आणि पुसता पुसता खडा गालात सरकवला. कानात म्हणाली, 'बोलू नकोस. जा.' तिला मी जायला हवं होतं. बाबांसमोर म्हणता येत नव्हतं एवढंच."

पाकाला उकळी येत होती. मास्तर म्हणाले, "मला का नाही सांगितलं कधी?"

"मी विचारलं होतं तिला. म्हणाली, त्याला सांगितलं तर तो सगळ्या गावाला ठकवेल. आणि तुला कुठं जायचं होतं? तुला सिनेमाला जायचं होतं."

मास्तर हसले. आयुष्यभर ज्याला वाटत होतं की घरातला खोडकर मीच, त्याला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं की आपण त्या घरात शिकाऊच होतो.

मंगळवारी ताई निघाली. पाकाची एक बाटली, खोकला अर्ध्यावर आलेला. "परत येईन," म्हणाली, पण तिचं 'येईन' मास्तरांना चांगलं माहीत होतं. रिक्षा गेली.

पाऊण तासानं तीच रिक्षा परत आली. ताई बॅगेसकट उतरली, थेट दुकानात आली आणि कट्ट्यावर बसचं परतीचं तिकीट आपटलं.

"कंडक्टर म्हणाला, ह्यावर कसला शिक्का आहे, आधी कचेरीत दाखवून आणा. कचेरीतले साहेब म्हणे शुक्रवारी येणार. तोपर्यंत ह्या तिकिटावर बसता येणार नाही."

तिकिटाच्या मधोमध, ठसठशीत, चारही कोपरे धड: 'राखावे'.

"रविवारी माझी पर्स इथंच होती," ताई म्हणाली. "तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. चेन लावलेली होती. ते हाताशी कसं लागलं तुला?"

मास्तरांनी खांदे उडवले, जणू सवयच ती, त्याला कोण काय करणार.

ताईनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. कपाळ सरळ. डोळे उघडे. भुवई हलेना, ओठ हलेना. असा चेहरा तिनं आयुष्यात एकाच माणसाचा पाहिला होता. फक्त उजवा गाल किंचित फुगलेला होता.

"बाळ्या," ताई म्हणाली, "तोंड उघड."

मास्तरांनी तोंड उघडलं नाही.